सटवा मोच्याची मशक

तानुबाईचं कुणी खरं मानलं नाही. एकानंही नाही. पाटलानं नाही, पुजाऱ्यानं नाही, जिच्या हातावर तिचा लेक जन्मला त्या सुईणीनंही नाही. ती वेशीबाहेर उभी राहून ओरडायची, "माझा सटवा पाणी घिऊन पळायचा न्हाई!" आणि गाव तिच्याकडं पाठ करून आपली जनावरं पाजायचं. सगळं होऊन गेलं, पिढ्या सरल्या, तरी मला त्याचा राग येतो. म्हणून मी ही गोष्ट सांगायला बसले की आधी हेच सांगते. एक आई खरं बोलत होती आणि अख्खं गाव खोटं बोलत होतं.

आता ऐका. बारक्यांनी पुढं या, म्हाताऱ्यांनी खोकून घ्या.

फार वर्षांपूर्वी, आमच्या खरसुंबीला सडक नव्हती, दिवा नव्हता, तेव्हा गोऱ्या साहेबाची कुठंतरी लढाई लागली. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं. बसऱ्याकडं, एवढंच. आमचं गाव कोरडं. पिकलं तर बाजरी, नाही पिकलं तर दगड. त्यामुळं पलटणीत जायला गडी तयारच असायचे. त्या साली आमच्या गावचे अकरा गडी गेले. त्यांचा म्होरक्या होता सुभेदार. गावचाच माणूस, मिशीला पीळ, छातीवर आधीच्या लढाईचा बिल्ला. गाव त्याला बघून उठून उभं राहायचं.

अकरा जणांत एक होता हैबती. हैबती माझा आजा. बापाचा बाप.

आणि त्यांच्याबरोबर, पण अकरांत न धरलेला, गेला सटवा. सटवा वेशीबाहेरच्या वस्तीतला. पलटणीला न्हावी लागतो, धोबी लागतो, तसा मोचीही लागतो. बूट फाटले की शिवायला. अंगानं काटकुळा, तोंडानं लई फटकळ. असं म्हणतात की त्याला हसू आवरायचं नाही, मयतीतसुद्धा.

निघायच्या दिवशी सुभेदारानं गड्यांना खंडोबाच्या पायरीवर उभं केलं. बेल-भंडारा उचलायला लावला. शपथ त्यानंच घातली. "परक्या हातचं खाणार न्हाई. परक्या हातचं पिणार न्हाई. जसं चाललो तसं परत येऊ." सगळ्यांनी मुठीत भंडारा धरून म्हटलं. आयाबायांनी डोळे पुसले. गावाला बरं वाटलं, की चला, पोरं दर्यापार गेली तरी बाटणार नाहीत.

सटवा खाली उभा होता. त्याला कुणी शपथ घातली नाही. त्याच्याकडं बाटण्यासारखं काय होतं, असं गावाचं म्हणणं.

तर हे गेले. बोटीत बसले, उतरले, चालले. जिथं गेले तिथं ऊन असं की बंदुकीच्या नळीला हात लावला तर कातडं नळीला चिकटून राहायचं. एकदा पलटण पुढं गेली आणि आमच्या गावची ही माणसं सामानाच्या गाड्यांबरोबर मागं राहिली. तुर्कानं त्यांना मधेच कोंडलं. एका कोरड्या ओढ्यात ती अडकली. वर डोकं काढलं की गोळी. नदी समोर दिसत होती. उन्हात चकाकत होती. पण मधे उघडं रान, आणि रानावर तुर्काची तोफ.

त्यांचं पाणी भरणारा गडी त्यांच्यातलाच होता. तो पहिल्यांदा पडला आणि पाण्याचे पत्र्याचे डबे गोळ्यांनी चाळण झाले. दुसरा एक नदीकडं धावला. तो काठावर पोचला आणि पाण्यात तोंड घालायच्या आधीच पडला. मग कुणी गेलं नाही.

तेव्हा सटव्यानं काय केलं? बुटांच्या तळव्यांसाठी आणलेलं कातडं त्यानं काढलं, आरी काढली, दोरा काढला आणि बसल्या बसल्या मशक शिवली. पाण्याची पिशवी हो, पाठीवर टाकायची. शिवली आणि पोटावर सरपटत गेला. काटकुळा होता, कडेच्या विरळ लव्हाळ्यातून सापासारखा गेला. तुर्काला दिसला नाही. परत आला तो भरलेली मशक घेऊन.

"घ्या," म्हणाला. "नदीनं सगळ्यांना इचारलंय."

कुणी हात पुढं केला नाही.

मी लहान होते तेव्हा आजा हे सांगायचा आणि मी म्हणायचे, आजा, खोटं सांगतोस. तहानेनं जीव चाललेला माणूस पाण्याला नाही म्हणेल होय? आजा म्हणायचा, "आमी न्हाई म्हणलो. तोंडं फिरवली." हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सटव्यानं मशक खाली ठेवली आणि लांब जाऊन बसला. म्हणाला, "मी शिवत न्हाई. तुमच्या हातानं वतून घ्या." तरी नाही. मशक त्याची, शिवण त्याची, भरली त्यानं. मग त्याला राग आला. असं म्हणतात की तो आयुष्यात एकदाच रागावला, तो तेव्हा.

"आरं, तुमच्या पायात काय हाय?" तो म्हणाला. "म्या शिवल्यालं बूट. माज्या हातचं पायात चालतंय, आन घशात चालत न्हाई?"

एकेकानं पाय पोटाशी ओढून घेतले.

आता ही गोष्ट नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की शपथ ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. देव रागवत नाही, माणसाला पाप लागत नाही. गोट्या खेळताना पोरं म्हणत नाहीत का, सुटली म्हण, सुटली म्हण? तसंच. एवढंच. ओठ हलवायचे.

आणि शपथ घालणारा तिथंच बसला होता. मेलेल्या खेचराच्या आडोशाला, सावलीत.

गड्यांत धाकटा होता बजाबा, आज्याचा चुलतभाऊ. नुकतं मिसरूड फुटलेलं. तो रांगत सुभेदाराकडं गेला. त्याचे पाय धरले.

"दाजी, सुटली म्हणा."

सुभेदार म्हणाला, "शपथ म्हंजी शपथ."

"दाजी, एकडाव म्हणा. मी कुणाला सांगणार न्हाई."

"मी बी तहानल्यालाच हाय का न्हाई? माजं बघ. कळ काढ."

बजाबा तिथंच आडवा झाला, सुभेदाराच्या बुटांपाशी. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ हलत होते. आजा सांगायचा, तो पाणी मागत नव्हता. तो तोच शब्द मागत होता.

मग एकेक गडी गेला. गोळीनं नाही. शेजारी भरलेली मशक असताना, तहानेनं. सात जण. आमच्या गावचे सात धडधाकट गडी, ज्यांनी मोटेचा बैल शिंगाला धरून थांबवला असता. मला सांगा, शत्रूनं याहून काय वाईट केलं असतं?

सटवा रोज नदीवर जायचा. भरलेली मशक ठेवायचा, दिवसभरात ती उन्हानं तापायची, तो ओतून टाकायचा आणि पुन्हा गार भरून आणायचा. कुणाचं मन वळलंच तर गार असावं म्हणून.

शेवटी उरला माझा आजा आणि आडोशाला सुभेदार. आजा ओढ्याच्या दरडीला टेकून होता. डोळ्यापुढं अंधारी. सटवा त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"हैबतराव, एक इचारू? रागवू नगा."

आज्यानं डोळे किलकिले केले.

"न्हाई, मी आडाणी माणूस. तुमी ज्या खंडोबाची शपथ घेतली त्यानं धनगराच्या बानूला घरात आणली. बरुबर? तवा त्यानं तुमच्या सुभेदाराला इचारलं हुतं का?"

आज्याला हसू आलं. हसला तसे वाळलेले ओठ फाटले आणि रक्त आलं. रक्ताची चव लागली तेव्हा त्याला कळलं की आपण अजून जिवंत आहोत. त्यानं तोंड उघडलं. सटव्यानं मशकीचं तोंड त्याच्या तोंडाला लावलं.

त्या पाण्यावर आजा जगला. तो जगला म्हणून माझा बाप झाला, आणि बाप झाला म्हणून मी. सटव्याचं पाणी माझ्या अंगात आहे. कुणाला विटाळ वाटत असेल तर त्यानं उठून जावं, मी थांबवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सटवा पुन्हा गेला आणि या वेळी तुर्काला दिसला. गोळी मशकीतून आरपार त्याच्या कुशीत गेली. आता पुढचं असं म्हणतात: सटवा नदीकाठीच मेला. मेला, पण मशकीच्या भोकावर बोट दाबून मेला. आणि तसाच उठला आणि तसाच चालत आला. सरपटत नाही, ताठ चालत, उघड्या रानातून. तुर्कानं त्याला बघितलं आणि तोफ डागली नाही. मेलेल्यावर काय डागायची? तो आज्याजवळ येऊन बसला, भोकावर बोट तसंच. एक थेंब सांडला नव्हता. आज्यानं हात लावला तेव्हा अंग थंडगार होतं. बऱ्याच वेळापूर्वी मेलेल्या माणसासारखं.

मी आज्याला विचारलं होतं, खरंच मेलेला चालत आला? आजा म्हणाला, "मला तेवडंच कळतंय, की पानी माज्यापर्यंत आलं."

मग पलटण आली, तुर्क हटला. आज्याची शुद्ध हरपलेली. त्याला उचलून बोटीवर घातलं, मशक त्याच्या मिठीत. सोडवायला गेले तर सोडेना, म्हणून तशीच राहू दिली. सुभेदार स्वतःच्या पायांनी उठला. त्याला वाटलं, हैबतीही गेला. आपल्याशिवाय कुणी उरलं नाही.

तो गावी आला नवा बिल्ला लावून. गाव वाजतगाजत सामोरं गेलं. दहा घरांत रडारड झाली, आणि त्यानं पारावर बसून सांगितलं, "सटव्यानं दगा दिला. पान्याची मशक घिऊन तुर्काकडं पळाला. माजी मानसं टाचा घासून मेली."

झालं. त्या दिवशी गावानं तानुबाईची घागर फोडली. ओढ्याच्या झऱ्यावर वस्तीचं एक डबकं वेगळं होतं, तेही बंद केलं. ती दुसऱ्या गावच्या शिवेवरून पाणी आणायची, आणि वाटेत पोरं तिच्या घागरीत माती टाकायची. कुणाची पोरं? आमचीच. "सटव्यानं पानी चोरलं" असं ओरडत. आणि ती उलटून एकच वाक्य बोलायची, जे मी तुम्हाला आधीच सांगितलं. माझ्या आजीनंही तिला शिव्या घातल्या होत्या. आजी तेव्हा कपाळ पुसून बसलेली, कारण आज्याचं बारावंसुद्धा घालून झालं होतं.

वर्ष गेलं, आजा तिकडं पलटणीच्या दवाखान्यात पडून, गावाला पत्ता नाही. आणि एके सकाळी हैबती वेशीत उभा.

बाया किंचाळून पळाल्या. एकानं भूत समजून दगड मारला, तो आज्याच्या खांद्याला लागला आणि आजा म्हणाला, "आरं ए गाढवा, लागतंय!" तेव्हा लोकांना पटलं. आजी धावत आली. पण आजा वेशीच्या आत पाऊल टाकेना. काखेत मशक, वाळून लाकूड झालेली.

"आदी तानुबायच्या हातचं पानी," तो म्हणाला. "मग घर."

पाटील म्हणाला, "डोस्कं फिरलं का काय? ती येशीत येत न्हाई."

"मग मी बी भायेरच बसतो." आणि तो मातीत मांडी घालून बसला.

तिथं बसून त्यानं सगळं सांगितलं. मशक, नदी, बूट, बजाबा, सगळं. सटवा पळाला नाही, सटव्यानं मला जगवलं, आणि सुभेदारानं सुटली म्हटलं नाही.

आता तुम्हाला वाटेल गाव हादरलं असेल. नाही! मी सांगते ना, मला अजून विश्वास बसत नाही. गाव म्हणालं, सुभेदारानं बरोबरच केलं. शपथ म्हणजे शपथ. सात जण गेले, पण न बाटता गेले. बाटला तो हा हैबती, जगून. बजाबाची सख्खी आईसुद्धा म्हणाली, "माजं पोर चोख गेलं." पदरात तोंड घालून म्हणाली, पण म्हणाली.

सुभेदाराला बोलावलं. तो कोट घालून, दोन्ही बिल्ले लावून आला. पायात पलटणीचे बूट. म्हणाला, "बाटग्याच्या शब्दावर काय जाताय? सटवा पळाला म्हंजी पळाला. मी सोता एक थेंब घेतला न्हाई. खंडोबानं तारलं मला. आना भंडारा, उचलतो."

पुजाऱ्यानं बेल-भंडारा आणला. आज्यानं वाळकी मशक समोरच्या दगडावर ठेवली.

"हिच्यावर हात ठिवून म्हण."

सुभेदार हसला. एका मुठीत भंडारा धरला, दुसरा हात मशकीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "खंडोबाची आन, हिच्यातलं पानी माज्या घशाखाली गेलं न्हाई."

असं म्हणतात की आधी कातड्याला घाम फुटला. वर्षभर कोरडी मशक, लोकांच्या डोळ्यांदेखत काळी पडली, ओली झाली. मग शिवणीतून थेंब आला. मग दुसरा. मग गोळीच्या भोकातून धार लागली. सुभेदारानं हात उचलायला बघितला, उचलेना. पाणी त्याच्या हातावर चढलं. होय, चढलं, उतरलं नाही! मनगट, कोपर, खांदा, छातीवरचे बिल्ले, तिथून दुसऱ्या हातात. मुठीतल्या भंडाऱ्याचा चिखल झाला आणि बोटांच्या फटींतून पिवळा पिवळा खाली गळायला लागला. बूट भरून वाहिले. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पाटील मागं सरता सरता पडला. नुसती धार वाजत होती.

तेव्हा तानुबाई पुढं आली. तिला कुणी अडवलं नाही. तिनं मशकीच्या भोकावर बोट ठेवलं. धार थांबली.

"तू प्यालास," ती म्हणाली.

सुभेदारानं मान खाली घातली. "पैल्याच दिशी. खेचराच्या आड. तहान लागली हुती."

"प्यालास ते बरं केलंस. माज्या लेकाला आनंदच झाला आसंल. मग ह्यांना सुटली का न्हाई म्हनलास?"

त्यानं भंडाऱ्यानं माखलेली मूठ उघडली. मग म्हणाला, "सुटली म्हनलो असतो तर ती जगली असती, आन कवातरी बोलली असती. शपथ घालनाऱ्यानंच शपथ मोडली ते गावाला कळलं असतं."

ऐकलंत? नावासाठी. सात माणसं, एका शब्दासाठी तळमळत, आणि याचे ओठ ओले. पाणी प्यायला हे पाप नाही. कुणाच्याही हातचं पाणी प्यावं, जगावं. पिऊन ओठ पुसले आणि बजाबाला म्हणाला कळ काढ, ते पाप. ते ऐकून बजाबाच्या आईनं जो हंबरडा फोडला, तो असं म्हणतात की शिवेपार ऐकू गेला. ती उठली, तानुबाईच्या हातातली ती मशक घेतली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, तोंडाला लावून प्यायली. पोराच्या वाटचं प्यायली. मग एकेक करून सातही घरं प्यायली. मग तानुबाईच्या हातची ओंजळ पिऊन आजा उठला आणि वेशीच्या आत आला.

सुभेदाराला कुणी हाकललं नाही. पण त्याची तहान गेली नाही. असं म्हणतात की तो विहिरीमागून विहीर प्यायचा, पोट टम्म व्हायचं आणि जीभ कोरडीच. शेवटी एक दिवस तो तानुबाईच्या दारात गेला. म्हणाला, "म्हातारे, तू तरी सुटली म्हण. एकडाव."

तिनं त्याला तांब्या भरून दिला. "पानी घे. पानी कुनाला न्हाई म्हनू नये. पर त्यो शबुद माजा न्हाई. त्या सात जनांचा हाय. त्यांच्याकडनं घे."

तो तांब्या हातात धरून तिथंच मेला.

तेव्हापासून आमच्या खरसुंबीत गावकीची आणि वस्तीची विहीर एकच. तेव्हापासून आमच्या गावचा कुणी पलटणीत निघाला तर त्याला काहीही शपथ घालतील, पण खाण्यापिण्याची घालत नाहीत. आणि चैत्री पुनवेला, ऊन चटकायला लागलं की, वेशीत सतरंजी टाकतात. पलटणीतून परतलेले सगळे बसतात, आमच्या गावचे आणि शेजारच्या गावचेही. कुणाचा पाय गेलेला, कुणाची बोटं बर्फानं झडलेली, कुणाचं बाहेरून काही गेलेलं नसतं, पण तो नजर वर करत नाही. सटव्याच्या घराण्यातली बाई प्रत्येकाला ओंजळीत पाणी घालते. तो पितो. मग ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "सुटली." काय सुटली ते त्याचं त्याला ठाऊक. कुणी विचारत नाही. भलेभले हवालदार तिथं लेकरासारखे रडलेले मी बघितलेत. आणि एक म्हाताराही बघितला. तो म्हणाला, "मावशे, दारू सोडायची शपथ बायकोनं घातलीया, ती बी सुटली का?" मावशीनं त्याच्या डोक्यात टपली मारली. "ती न्हाई सुटत, मुडद्या!"

आमच्या घरचा मान पाण्याची घागर उचलण्याचा. आज्यानं उचलली, बापानं उचलली, आता मी उचलते. बाईनं कशाला, म्हणणारे होते. त्यांना मी जे सांगितलं ते इथं सांगत नाही.

माणसं पिऊन झाली की सात जणांची नावं घेतात. बजाबाचं पहिलं. दर नावाला सगळी वेस म्हणते, "सुटली!" म्हातारी म्हणतात, कडेवरची पोरं बोबडं म्हणतात. मग घागर रिकामी होते, मी ती पालथी घालते, आणि पाटलाच्या घरचा माणूस मोठ्यानं विचारतो, "आन ह्यांना तहानेनं मारलं कुनी?"

तुर्क कुणी म्हणत नाही. ऊन कुणी म्हणत नाही. खंडोबा तर नाहीच. सगळं गाव एका तोंडानं नाव घेतं, आणि त्या नावाच्या मागं सुटली कुणी म्हणत नाही.

सुभेदार मानाजी ढेंबरे.